न मागवलेलं पार्सल गळ्यात पडलं तर

‘आम्ही कराडला राहतो. मी प्राथमिक शिक्षिका आहे. तीन आठवड्यांपूर्वी मी शाळेत असताना मिस्टरांच्या नावाने एक पार्सल आलं. घरी सासूबाई एकट्याच होत्या. कुरिअरवाल्याने ६९९ रुपये मागितले, त्यांनी आपल्या डब्यातले काढून दिले. मिस्टरांनी काहीच मागवलं नव्हतं. आत गुडघेदुखीच्या तेलाच्या दोन बाटल्या आणि कसल्याशा गोळ्या निघाल्या. बिल नव्हतं. गेल्या सोमवारी तसंच दुसरं पार्सल कोणीतरी गेटला अडकवून गेलं, पैसे न मागता. आता रोज फोन येतात. म्हणतात, तुमचा सहा महिन्यांचा कोर्स नोंदवलाय, दुसऱ्या महिन्याचे २,४९९ भरा. काल व्हॉट्सॲपवर वकिलाची नोटीस आली, तिच्यात पोलीस आणि सिबिल दोन्ही आहेत. मिस्टर म्हणतात, फेकून दे. न्यू जर्सीला असलेला माझा भाऊ म्हणतो, न मागवता आलेली वस्तू कायद्याने आपलीच, खुशाल वापरा. सासूबाईंनी दुसऱ्या पार्सलमधलं तेल दोनदा लावलंय. नोटिशीचं ऐकल्यापासून त्यांचं जेवणात लक्ष नाही. “माझ्यामुळे झालं, मी पेन्शनमधून भरते,” असं म्हणतात. काय करू?’
एक शिक्षिका, कराड

प्रिय ताई,

सगळ्यात आधी, पैसे भरू नका. २,४९९ भरू नका, आणि ‘बरं, मिटवून टाकू, पाचशे द्या’ असा फोन आला तर ते पाचशेही देऊ नका. असा फोन बहुधा येईलच. थोडे जरी पैसे गेले, तरी ‘हप्ता भरला म्हणजे कोर्स मान्य होता’ असं म्हणायला त्यांना जागा मिळते. आज त्यांच्याकडे तुमचा होकार नाही, आणि तो त्यांना तुमच्याकडून काढून घ्यायचा आहे.

दुसरं सासूबाईंसाठी, आणि हे आज रात्री पानावर बसल्यावरच त्यांना सांगा. दारात माणूस उभा, पार्सलवर मुलाचं नाव, म्हणून त्यांनी पैसे दिले. मुलाने काहीतरी मागवलं असेल, तो विसरला असेल, कुरिअरवाला उन्हातान्हाचा खोळंबायला नको, हा सगळा चांगुलपणाच होता. रक्कम पाचशे-सातशेच्या घरातली, वेळ दुपारची, नाव घरातल्या कमावत्या माणसाचं: हे सगळं त्यांनी जुळवून आणलेलं असतं. मागवणारा समोर नसताना पैसे मागायचे, एवढंच या धंद्याचं भांडवल.

माझ्या आईचं सांगते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, आम्ही तेव्हा रत्नागिरीला होतो. ‘कोडं सोडवा, ट्रान्झिस्टर जिंका’ अशा जाहिराती तेव्हा छापून यायच्या. माझ्या भावाने कोडं सोडवून पोस्टकार्ड टाकलं होतं. मागणी कसलीच केली नव्हती. एके दुपारी पोस्टमन व्ही.पी., म्हणजे पैसे देऊन सोडवून घ्यायचं पार्सल, घेऊन दारात आला आणि आईने त्याच्या हातावर १६५ रुपये ठेवले. खोक्यात ट्रान्झिस्टरचा प्लॅस्टिकचा पोकळ सांगाडा होता, त्याला सेल घालायची जागासुद्धा नव्हती, आणि वजन भरावं म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळलेला विटेचा तुकडा. आईने ते खोकं कोठीच्या खोलीत तांदळाच्या पिंपामागे सारलं आणि वडिलांना कधीच सांगितलं नाही. ती गेल्यावर आवराआवर करताना ते मला सापडलं. वीट अजून त्याच कागदात होती. १६५ रुपये परत आले नाहीत याचं मला काही वाटत नाही. तिने इतकी वर्षं ते एकटीने मनात ठेवलं, हे मात्र अजून लागतं. म्हणून तुमच्या पत्रातलं ‘पेन्शनमधून भरते’ हे वाक्य वाचल्यावर आधी त्यांच्याबद्दल लिहिलं.

आता तुमच्या घरातली दोन मतं, आणि फोनवाल्याचं तिसरं.

तुमचा भाऊ खोटं सांगत नाहीये. तो राहतो तिथे कायदा तसाच आहे. अमेरिकेत १९७० सालच्या टपालविषयक कायद्यात तरतूद आहे, की न मागवता टपालाने आलेली वस्तू घेणाऱ्याने भेट समजावी. ठेवावी, वापरावी, टाकून द्यावी. तिचं बिल पाठवणं किंवा तगादा लावणं हीच तिथे अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. ब्रिटनने १९७१ साली यासाठी वेगळा कायदाच केला. युरोपीय संघाच्या २०११च्या ग्राहक हक्क निर्देशातही न मागवलेल्या मालाचे पैसे देण्यातून ग्राहकाला मोकळं केलं आहे. ‘न मागवलेली वस्तू तुमचीच’ हा जो मेसेज आपल्याकडे फिरतो, तो मुळात तिकडचा आहे. भारतात असं कलम नाही. १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ते नव्हतं आणि २०२० पासून लागू झालेल्या २०१९च्या नव्या कायद्यातही घातलेलं नाही. ते असायला हवं होतं असं मला ठाम वाटतं. ज्या देशात दारात रोख पैसे देऊन माल घेण्याची इतकी सवय आहे, तिथे तर आधी हवं होतं.

आपल्याकडे अजून १८७२चा करार कायदाच धरून चालावं लागतं. त्यातलं कलम ७० म्हणतं, एखाद्याने फुकट द्यायचा हेतू नसताना तुम्हाला कायदेशीरपणे काही दिलं आणि तुम्ही त्याचा लाभ घेतलात, तर तुम्ही त्याची भरपाई द्यावी किंवा वस्तू परत करावी. कायद्यानेच खाली उदाहरण दिलंय आणि ते जवळपास तुमच्या गेटवरचंच आहे: एक व्यापारी चुकून दुसऱ्याच्या घरी माल ठेवून जातो, घरचा माणूस तो आपलाच समजून वापरतो, तर त्याने व्यापाऱ्याला पैसे दिले पाहिजेत. कलम ७२ म्हणतं, चुकून हाती आलेली वस्तू परत केली पाहिजे. म्हणून ‘खुशाल वापरा’ हा सल्ला कराडमध्ये चालत नाही.

मिस्टरांचं ‘फेकून दे’ही आज नको. वस्तू तुमची नाही, तर ती नष्ट करायचा अधिकारही तुमचा नाही. शिवाय तीच तुमच्याकडचा पुरावा आहे. रागाने फेकलेल्या खोक्याबरोबर पाठवणाऱ्याचा पत्ताही जातो.

पण याच कायद्याची दुसरी बाजू त्या फोनवाल्याला ठाऊक नसावी, किंवा तुम्हाला ठाऊक नाही यावर त्याची भिस्त आहे. बी. के. मंडल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच कलम ७० उलगडून सांगितलं. कोणी काही आणून दिलं, तर घेणाऱ्याला ते नाकारायची किंवा परत करायची मोकळीक असते, आणि त्याने तसं केलं तर हे कलम लागूच होत नाही. लाभ आपणहून स्वीकारलेला असावा लागतो. माथी मारलेला लाभ त्यात बसत नाही.

‘तुम्ही कळवलं नाहीत म्हणजे कोर्स चालू राहिला’ असं तो म्हणेल. आपल्याकडे ‘मौनं संमतिलक्षणम्’ म्हणतात आणि लग्नाच्या बैठकीत ते चालूनही जातं, करारात मात्र चालत नाही. कायदा शिकणारी मुलं पहिल्याच वर्षी १८६२चा एक इंग्लिश खटला वाचतात. काकाने पुतण्याला लिहिलं, ‘तुझ्याकडून काही कळलं नाही, तर घोडा ३० पौंड १५ शिलिंगांना माझा झाला असं समजेन.’ पुतण्याने उत्तर दिलं नाही. पुढे लिलाव करणाऱ्याने तो घोडा चुकून दुसऱ्याला विकला आणि काका कोर्टात गेला. कोर्टाने सांगितलं, घोडा कधी तुमचा झालाच नव्हता, समोरच्याच्या गप्प राहण्यातून तुम्ही त्याच्यावर करार लादू शकत नाही. इथे तर पुतण्याच्या मनात घोडा द्यायचा होता, तरीसुद्धा. तुमच्या घरात कोणाच्या मनातही कोर्स नव्हता.

ऑनलाइन विक्रीला तर याहून स्पष्ट नियम आहे. जुलै २०२० मध्ये आलेल्या ई-कॉमर्स नियमांनुसार खरेदीची संमती ग्राहकाने स्वतः, स्पष्ट कृती करून दिलेली असावी लागते. आधीच टिक केलेल्या चौकटीसुद्धा चालत नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वेबसाइट-ॲपवरच्या फसव्या रचनांचे १३ प्रकार नावानिशी सांगून त्यांना मनाई केली. त्यात ग्राहकाला नकळत वर्गणीत अडकवून ठेवणं आहे, आणि न मागितलेली वस्तू खरेदीच्या टोपलीत सरकवणंही आहे. तेव्हा फोनवर एवढंच विचारा: ऑर्डर कोणत्या तारखेला, कोणत्या नंबरवरून, कोणी दिली? होकार दाखवायची जबाबदारी त्यांची. ‘मी मागवलं नाही’ हे तुम्ही सिद्ध करायचं नसतं.

दोनदा लावलेल्या तेलाचं काय, हा प्रश्न तुम्ही पत्रात लपवला नाहीत हे मला आवडलं. ते प्रामाणिकपणे असं आहे. ती एक बाटली वापरली गेली, म्हणून कोणी अगदी कोर्टात गेलंच, तर फार तर त्या बाटलीच्या वाजवी किमतीचा प्रश्न निघू शकतो. २,४९९चा नाही, सहा महिन्यांच्या कोर्सचा तर नाहीच. तेही त्याने चुकून माल ठेवला असेल तर. इथे माल मुद्दाम अडकवलाय, आणि सासूबाईंना तो आधीच्या पैशांतलाच वाटला असणार. कायद्यातला तो चुकलेला व्यापारी आणि हा माणूस एका पंगतीत बसत नाहीत. फक्त आजपासून बाटलीचं बूच उघडायचं नाही. हे पैशांसाठी सांगतेय त्याहून जास्त गुडघ्यांसाठी आणि पोटासाठी सांगतेय. आयुर्वेदिक औषधावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक असायलाच हवा. कोणत्याही पाकीटबंद मालावर कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठीचा संपर्क असायला हवा. बाटली उजेडात धरून बघा. यातलं काही नसेल तर फोटो काढा. औषधापुरती तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे आणि छापील माहितीपुरती वजन-मापं तपासणाऱ्या वैधमापन विभागाकडे जाते. गोळ्यांपैकी त्यांनी एखादी घेतली असेल, तर पाकीट घेऊन तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे उद्याच जा.

आता कामाला लागू. संध्याकाळी अर्धा तास काढा, दोन्ही खोकी टेबलावर ठेवा. कुरिअरच्या पांढऱ्या लेबलचा जवळून फोटो घ्या. त्यावर बारकोडखाली लांबलचक आकडा असतो, तो पार्सलचा क्रमांक. बाजूला पाठवणाऱ्याचं नाव आणि ‘माल परत आल्यास’चा पत्ता असतो. पुष्कळदा तो एखाद्या गोदामाचा असतो, तरी तो धागा सोडू नका. पहिल्या पार्सलवर वसुलीची रक्कम छापलेली असेल, तीच तुमची पावती. मग दुसऱ्या पार्सलमधलं सगळं जसंच्या तसं आत घाला, उघडलेली बाटलीसुद्धा, चिकटपट्टी लावा आणि कपाटावर ठेवून द्या. आपल्या वस्तूची ठेवतो तेवढी काळजी पुरे.

मग मिस्टरांच्या नंबरवरून, कारण पार्सल त्यांच्या नावावर आहे, एकच मेसेज पाठवा. मी लिहून देते:

‘आपण अमुक तारखेला आमच्या गेटवर ठेवलेलं पार्सल, क्रमांक अमुक, आम्ही मागवलेलं नाही. कोणताही कोर्स किंवा वर्गणी आम्ही घेतलेली नाही आणि घ्यायची नाही. पार्सल आमच्याकडे सांभाळून ठेवलं आहे. हा मेसेज मिळाल्यापासून १५ दिवसांत आधी कळवून आपल्या खर्चाने घेऊन जावं. त्यानंतर ते सांभाळण्याची जबाबदारी आम्ही घेणार नाही. याआधी ६९९ रुपये घेऊन दिलेलं पार्सलही मागवलेलं नव्हतं. ते परत घेऊन पैसे परत करावेत. यापुढे फोन करू नये, जे असेल ते लेखी कळवावं.’

दुसऱ्या पार्सलमधली एक बाटली उघडली आहे हेही एका ओळीत लिहा. लपवलेली गोष्ट नंतर निघते तेव्हा आपणच खोटे पडतो. १५ दिवस हा आकडा माझा आहे, कायद्यात मुदत दिलेली नाही. परत पाठवायचा खर्च तुम्ही करावा असं मला कुठल्याही कलमात दिसत नाही. मेसेज गेल्यावर त्याचा स्क्रीनशॉट काढा आणि मग फोन उचलणं बंद करा. रोज तेच ऐकून घेण्याचं कर्ज तुमच्यावर नाही.

नोटिशीला घाबरू नका, पण नीट वाचा. खरी नोटीस बहुधा स्पीड पोस्टाने येते. तिच्यात वकिलाचं पूर्ण नाव, पत्ता, सही असते आणि मुख्य म्हणजे मागणीचा आधार असतो: कोणती ऑर्डर, कोणती तारीख. तुमच्याकडे आलेल्या कागदात यातलं काय आहे? आणि समजा खरोखरच्या वकिलाने पाठवली असली, तरी नोटीस म्हणजे एका बाजूचं म्हणणं, निकाल नव्हे. पैशांच्या येण्याजाण्याच्या वादात पोलीस वसुलीला येत नसतात. उलट ‘पोलीस पाठवू’ म्हणत पैसे उकळू पाहणाऱ्याविरुद्ध भारतीय न्याय संहितेत खंडणी, धमकी आणि फसवणुकीची कलमं आहेत. सिबिलचं तर पूर्णच सोडा. पतमाहिती कंपन्यांना माहिती देतात त्या बँका, वित्तसंस्था, कार्ड कंपन्या. तेल विकणारा तुमच्या मिस्टरांचं नाव तिथे नोंदवू शकत नाही.

काळजी घ्यायची ती वेगळ्याच ठिकाणी. ‘ठीक आहे, कोर्स रद्द करतो, तुम्हाला आलेला ओटीपी सांगा’ असं गोड आवाजात कोणी म्हणालं, तर फोन ठेवा. ‘रद्द करायला हा कोड डायल करा’ म्हणून *२१* किंवा *४०१* आणि पुढे दहा आकडी नंबर सांगितला, तर तो अजिबात दाबू नका. त्याने तुमचे कॉल त्यांच्या फोनवर वळतात, आणि मग बँकेचा फोनवर सांगितला जाणारा ओटीपीही तिकडे जातो. चुकून दाबला गेलाच, तर ##००२# डायल केलं की सगळं वळवणं रद्द होतं. पैसे परत करतो म्हणून क्यूआर कोड पाठवला, तर तो स्कॅन करू नका. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, व्हिडिओ कॉलवर थांबा’ हा याच जातीचा आणखी भयंकर प्रकार. डिजिटल अरेस्ट असं काही कायद्यात नाही. खात्यातून काही गेलंच, तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. तिथे उशिराची किंमत मिनिटांत मोजावी लागते.

राहिले सासूबाईंचे ६९९. ही रक्कम परत येईलच असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. रोख वसूल केलेले पैसे कुरिअर कंपनी काही दिवसांनी पाठवणाऱ्याला देते. तीन आठवडे झालेत, ते गेले असण्याचीच शक्यता जास्त. पैसे दिल्यावर एक-दोन दिवसांत पार्सल क्रमांकानिशी कुरिअरकडे लेखी तक्रार केली, तर पैसे रोखून धरा असं म्हणता येतं. इतर वाचकांनी हे ध्यानात ठेवावं. पण तुम्ही तक्रार कराच, कारण कायद्याच्या दृष्टीने तुमची खरी पकड या पहिल्या पार्सलवर आहे. पैसे देऊन वस्तू घेतली, म्हणून तुम्ही ‘ग्राहक’. बिल न देणं ही २०१९च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्याला पुरवणं हीसुद्धा. मिस्टरांचं नाव, पत्ता, नंबर कोणीतरी कुठूनतरी पुरवलाच ना?

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. तिथे मराठीतून बोलता येतं, आणि ८८००००१९१५ या नंबरवर व्हॉट्सॲपनेही तक्रार देता येते. तक्रारीचा क्रमांक मिळेल, तो वहीत लिहा. विक्री एखाद्या वेबसाइटवरून झालेली निघाली, तर त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण करायचं असतं. हा प्रकार एकट्या तुमच्या घरी झालेला नसणार. शेजारी, शाळेत विचारून बघा. आणखी चार घरं निघाली, तर सगळ्यांनी मिळून जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. अनेक ग्राहकांच्या हिताला बाधणाऱ्या प्रथांविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा केंद्रीय प्राधिकरणाकडे जायची वाट या कायद्याच्या कलम १७ मध्ये आहे, आणि ती फार थोडे लोक वापरतात. शेवटी साताऱ्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहेच. पाच लाखांपर्यंत तिथे शुल्क नाही, वकील लावायची सक्ती नाही, ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्या अर्ज करता येतो, आणि घटनेपासून दोन वर्षं मुदत असते. ६९९साठी तिथवर जावं का, हे तुम्ही ठरवा. मी असते तर हेल्पलाइनचं उत्तर येईपर्यंत थांबले असते.

या विषयावर इतरही पत्रं येतात, म्हणून दोन गोष्टी ओझरत्या. नेहमीच्या कंपनीकडून एका मिक्सरऐवजी दोन आले, किंवा शेजाऱ्याचं पार्सल तुमच्याकडे आलं, तर ती खरी चूक आहे. लगेच कळवा आणि परत द्या. जाणूनबुजून दाबून ठेवलं, तर न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली दोन वर्षांपर्यंतची शिक्षा होऊ शकते. आणि न मागितलेलं क्रेडिट कार्ड घरी आलं, तर तिथे मात्र नियम खणखणीत आहे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार असं कार्ड देताच येत नाही. ते तुमच्या संमतीशिवाय चालू करून बिल लावलं, तर बँकेने आकारणी रद्द करून वर तिच्या दुप्पट रक्कम तुम्हाला द्यायची. हाच न्याय तेलाच्या बाटलीला का लागू नाही, हा प्रश्न मी प्रत्येक ग्राहक दिनाला विचारत आलेय.

पुढच्या वेळेसाठी घरात एक ठरवून टाका. ज्याच्या नावाचं पार्सल, त्याला दारातूनच फोन लावायचा. फोन लागला नाही, तर ‘परत न्या’ म्हणायचं, पैसे नाहीत आणि सहीही नाही. नाकारणं हा हक्क आहे, त्यात कुरिअरच्या मुलाचा अपमान होत नाही. त्याला बिचाऱ्याला खोक्यात काय आहे ते ठाऊकही नसतं. त्याला पाणी विचारा आणि पार्सल परत द्या. हे सांगायचं काम सासूबाईंकडेच द्या, दार त्याच उघडतात.

पहिल्या पार्सलचं खोकं तुम्ही एव्हाना रद्दीत घातलं असेल, अशी मला धास्ती आहे. तसं असेल, तर मिस्टरांच्या फोनमध्ये त्या दिवशीचा कुरिअरचा एसएमएस शोधा, पार्सल क्रमांक त्यात असतो. तो सापडला की कळवा. १९१५ला द्यायचा मजकूर आपण मिळून लिहू, आणि तक्रारदार म्हणून, त्यांची हरकत नसेल तर, सासूबाईंचं नाव घालू. पैसे त्यांचे गेलेत.